खुंटीला गुंडाळलेली लाल दोरी

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. कधी काळी लालभडक होते. आता वाफेने विटून विटकरी झाले आहे. अंधारात दोरीला साप समजून घाबरलेल्या माणसाचा दृष्टान्त विद्वान मोठ्या आवडीने सांगतात. दिवा आणला की भ्रम फिटतो, असे त्यांचे म्हणणे. माझ्या खोलीत दिवे लख्ख होते. मी दोरी आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही माणसे मला भीत होती.

मला वळले, रंगवले आणि एका मोठ्या लाँड्रीत आणले. तेथे इस्पितळांच्या चादरी येत. ओल्या चादरीची दोन टोके दोघींनी धरायची आणि ती तापलेल्या दोन रुळांच्या फटीत सरकवायची. पलीकडून ती कडक, कोरडी होऊन निघे. त्या फटीपुढे, हात सहज पोहोचेल अशा उंचीवर मला ताणून बांधले. मला ओढले की रूळ थांबत. आत अडकलेली चादर मात्र करपून पिवळी पडे. एवढेच माझे काम, आणि एवढीच माझी किंमत.

पहिली मुकादम होती मावशी. ती नात्याने कुणाचीच मावशी नव्हती, म्हणून सगळ्यांचीच होती. कुणी मला ओढले की ती आधी हात पाही, मग चादर.

"कारण नसताना ओढली हो, मावशी," एखादी ओशाळून म्हणे.

"बरं केलंस. चादर दुसरी मिळेल. तुझा हात काय बाजारात मिळतो? जा, पाणी पी."

त्या काळी दोन जावा या यंत्रावर समोरासमोर उभ्या असत. धाकटी म्हणे, "जाऊबाई, सासूबाईंपेक्षा हे रूळ बरे. निदान थांबवता तरी येतात!" थोरली डोळे वटारी आणि तोंड फिरवून हसे.

मावशी थकली, घरी बसली. नवे साहेब आले. मित्रांनो, कथांमधले दुष्ट लोक ओरडतात. हे साहेब कधीच ओरडले नाहीत. ते सदैव हसत. भिंतीवर त्यांनी 'आपण सारे एक कुटुंब' अशी पाटी लावली आणि आपल्या काचेच्या केबिनमधल्या टेबलावर एक प्लास्टरचे कासव ठेवले. जी यंत्र थांबवील, तिच्या गळ्यात ते दोरा बांधून अडकवायचे. पुढची चुकेपर्यंत तिने ते मिरवायचे. यालाच ते खेळीमेळीचे वातावरण म्हणत.

पहिले कासव धाकटीच्या गळ्यात पडले. चादर दुमडून तिचे मनगट फटीकडे ओढले जात होते, म्हणून तिने मला ओढले होते. मनगट कुणी पाहिले नाही.

"काय कासवबाई, घरी निघा आत्ताच, म्हणजे उद्या पोहोचाल!" साहेब म्हणाले. "अहो, गंमत हो, गंमत!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हसली ती धाकटी. भीती नेहमी रडतच येते असे नाही.

त्याच दुपारी थोरलीने मला सोडवून वरच्या खुंटीला गुंडाळले. "राहू दे वरच. चुकून कोपर लागायचं, आणि पुन्हा तुझ्याच गळ्यात ती धोंड." हे तिने मायेने केले. साहेबांनी तिला सांगितले नव्हते. सांगावे लागले नाही, यातच त्यांचे यश होते. मी खुंटीवरून खाली पाहत राहिले. रूळ फिरत होते, ओल्या बाह्या फटीजवळून जात-येत होत्या, आणि प्रत्येक बाहीबरोबर माझा जीव टांगणीला लागत होता. ओरडायला मला तोंड नव्हते. ज्यांना होते, त्या हसत होत्या.

मग तो दिवस आला. चादरीच्या फाटक्या काठात थोरलीच्या बाहीचे बटण अडकले. ती किंचाळली नाही. लाज वाटावी तशी हळूच म्हणाली, "अगं, थांबव जरा." धाकटीने मान वर केली, पण माझ्याकडे पाहण्याआधी तिची नजर साहेबांच्या टेबलाकडे गेली. क्षणभरच. रुळांना तो क्षण पुरला. मग तिचा हात माझ्या जुन्या जागी झेपावला, आणि तिथे मी नव्हते. भिंतीवरच्या मुख्य बटणापर्यंत ती धावत गेली, तोवर थोरलीची किंकाळी साऱ्या खोलीने ऐकली होती.

थोरली वाचली. उजव्या हाताने तिला आता घासही उचलता येत नाही.

साहेबांना खरोखर आश्चर्य वाटले. "पण दोरी होती ना? मी कधी कुणाला नको म्हटलं होतं का?"

नकाराचा पुरावा देता येतो. गमतीचा पुरावा कुणी कसा द्यावा?

कासव निमूटपणे नाहीसे झाले. मला खुंटीवरून उतरवून पुन्हा ताणले, आणि वर नवी पाटी आली: 'दोरी ओढण्यास भिऊ नये.' जणू भीती ही हुकुमाने रद्द करता येणारी सुट्टीच! त्या पाटीखाली मी कित्येक दिवस कुणाचाही हात न लागता ताणलेली होते.

आणि आज, आत्ताच, नव्या जोडीदारणीचा हात चादरीबरोबर तिरका सरकताना पाहून धाकटीने मला ओढले. रूळ थांबले. करपल्याचा वास सुटला. जोडीदारणीने हात मागे घेतला. तो शाबूत आहे. पण त्या हाताकडे कुणाचेच लक्ष नाही. सगळ्यांच्या नजरा केबिनच्या दाराकडे आहेत, कारण साहेब बाहेर आले आहेत. ते अजून काही बोललेले नाहीत. धाकटीने मला घट्ट धरून ठेवले आहे.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल आणि एखाद्या दिवशी त्या दारात उभे राहाल. तेव्हा आधी हात पाहा, मग चादर. आणि पहिला शब्द जपून उच्चारा. दोरीला जपा असे मी म्हणत नाही, मी सहसा तुटत नाही. मला धरणारा हात मात्र नुसत्या एका हसण्याने सुटतो.