दोन ठिपक्यांची पट्टी

मित्रांनो, मी सायकलची एक जुनी ट्यूब आहे. अख्खी नव्हे, तिच्यातून कापलेली वीतभर पट्टी. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके आहेत. आता फार बोलवत नाही, पण विचारलंत म्हणून सांगते.

माझी उमेदीची वर्षं बेळगुंदी ते बेळगाव या रस्त्यावर गेली. मष्णू नावाचा शेतकऱ्याचा मुलगा माझ्या सायकलीवरून कॉलेजला जायचा. पंक्चरांनी माझी चाळण झाली, तोवर तो गणिताचा प्राध्यापक होऊन टिळकवाडीत राहायला गेला होता. त्याने मला फेकलं नाही. कापून, ठिपके काढून शिकवणीच्या टेबलावर ठेवलं. मला ताणून तो मुलांना म्हणायचा, "बघा, ठिपक्यांमधलं अंतर वाढलं, पण शेजारचे कण शेजारीच राहिले. तुटत नाही तोवर जवळचं जवळच राहतं. अशा बदलाला संतत म्हणायचं." मुलं खूश व्हायची. अंग दुखायचं, तरी मलाही बरं वाटायचं.

१९७६ साली त्याची आई यल्लव्वा डोळ्यांच्या उपचारासाठी त्याच्याकडे आली. घर दोन खोल्यांचं. आपली अडचण होते, असं तिला पहिल्यापासून वाटत होतं. एका सकाळी मष्णू मुलांना सांगत होता, "नुसते बिंदू घेऊन भागत नाही. आधी अंतर द्यायला हवं. अंतर दिलं की पुढचं सगळं सोपं होतं." आत तांदूळ निवडणाऱ्या यल्लव्वाचे हात थांबले. अंतर देणं म्हणजे आपल्या माणसाला दूर लोटणं, एवढंच तिला ठाऊक होतं. तिने लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि बेळगुंदीची बस धरली.

मष्णू मला खिशात घालून मागोमाग गेला.

"आई, त्ये गणितातलं अंतर गं. मोजायचं. तुला कोण अंतर देतंय?" त्याने मला तिच्यासमोर ताणलं. "ही बघ, कितीबी लांब गेली तरी तुटत न्हाय."

"व्हय रं. पर मी हितंच बरी हाय."

"मग दर ऐतवारी येतो बघ."

यल्लव्वाने मला चुलीजवळच्या खुंटीला अडकवलं. काही रविवार तो आला. मग पेपर तपासणं आलं, त्याच्या स्वतःच्या मुलांच्या शाळा आल्या आणि तो सणासुदीपुरता उरला. धुराने मी वाळत गेले. यल्लव्वा भाकरी थापताना माझ्याकडे बघायची, आणि मला तिची फार कीव यायची.

पंच्याऐंशीच्या दिवाळीत मष्णूची नजर माझ्यावर पडली. "अजून हाय व्हय ही?" म्हणत त्याने मला हसत हसत ताणलं. मी दोन ठिपक्यांच्या मधोमध तुटले.

"मी लई ओढलं न्हाय गं," तो ओशाळून म्हणाला.

"तू कुठं ओढलंस?" यल्लव्वा म्हणाली. "हातच लावला न्हाईस इतकी वर्सं."

त्या संध्याकाळची बस त्याने सोडली. रात्रभर तो तिथे राहिला, पण मी काही जुळले नाही.

मित्रांनो, ताण मी जन्मभर सोसला. खुंटीवरची वर्षं मात्र मला सोसली नाहीत. तुमच्या घरी असं कुणी खुंटीवर असेल, तर अधूनमधून हात लावत जा.