माझ्यावर लिहिलेलं खरं होतं

मी एक जुना फळा आहे आणि भिंतीतच घडवलेला आहे. खिळ्यावर टांगलेला असतो तर कुणी काढून नेलं असतं, चार गावं तरी बघितली असती. पण थावरा मिस्त्रीने मला विटांवर सिमेंट लिंपून तयार केलं. त्यामुळे कुरुंद्याच्या पुढच्या एका वाडीतली जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, तिची दुसरी खोली आणि समोर बसणारी तिसरी-चौथीची मुलं एवढंच माझं जग. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती, मित्रांनो.

थावरा मिस्त्री कामाचा फार चोखंदळ. गिलावा ओला असताना त्याने मला काचेच्या बाटलीने असं घोटलं की पहिल्या आठवड्यात खडू माझ्यावर टिकेचना. गुरुजी त्याच्यावर चिडले. मग दर जूनला मुलं बॅटरीचे जुने सेल फोडून आतली काळी पूड आणायची, पाल्याच्या रसात कालवायची आणि मला फासायची. माझ्यापेक्षा त्यांचे हात आणि नाकंच जास्त काळी व्हायची. पुढे दुकानातला रंग डब्यातून आला. तो चांगला असतो, पण त्यात दंगा नसतो.

माझ्यावर कितीतरी गुरुजींनी लिहिलं. सगळ्यात सुंदर अक्षर विश्वजीत सरांचं. तपासणीला येणारे साहेब अक्षराचं कौतुक करायचे आणि मी ते बिनदिक्कत माझंच समजायचो. सर भागाकार शिकवायचे तेव्हा सगळी खोली सुरात म्हणायची, "भाग द्या, गुणा, वजा करा, खाली घ्या!" वर्षानुवर्षं ऐकून तो मलाही पाठ झाला. कितीही आकडी संख्या असू द्या, बाकी किती उरते ते मला खडू टेकायच्या आधी कळायचं.

गेल्या वर्षी जूनमध्ये सरांना तालुक्याच्या एका ऑफिसातून पत्र आलं. सर कॉम्प्युटरवर हुशार होते, म्हणून ऑनलाइन माहिती भरायला त्यांना पंधरा दिवसांसाठी बोलावलं होतं. सरांची जायची इच्छा नव्हती. जाताना त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं आणि मुलांना म्हणाले, "पंधरा दिवसांत येतोच. आल्यावर भागाकार घेऊ." ते आले नाहीत. त्यांचं नाव, पगार, हजेरी सगळं आमच्याच शाळेत राहिलं. फक्त माणूस तिकडे राहिला.

आता शाळेत देवश्री मॅडम एकट्या उरल्या. पहिली-दुसरीची पोरं रडवी, त्यांना सोडून मॅडमना हलता येईना. मग त्या धावत यायच्या, माझ्यावर पाच ओळी लिहायच्या, "उतरवून घ्या," म्हणायच्या आणि परत धावायच्या. मुलं उतरवायची. उतरवून झालं की बाकांवरून उड्या मारायची. मला ओरडून त्यांना गप्प बसवता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

एकच मुलगी उड्या मारत नव्हती, चौथीतली प्रतिक्षा. तिची आई सखुबाई शाळेत खिचडी शिजवते. पाचवीला कुरुंद्याच्या मोठ्या शाळेत जायचं, तिथे भागाकार येतो असं धरूनच पुढचं शिकवतात, हे प्रतिक्षाला माहीत होतं. ती पुस्तकातलं उदाहरण बघून माझ्या खालच्या कोपऱ्यात भागाकार मांडायची. भाग द्यायची, गुणायची, वजा करायची आणि पुढचा अंक खाली घ्यायचं विसरायची. रोज तिथेच चुकायची. मला दिसत होतं, आणि मी गप्प होतो. फळ्याला गप्पच बसावं लागतं, पण त्या दिवसांत मला माझी फार चीड आली.

ऑक्टोबरमध्ये आमदार संतराम आबा आले. ते विरोधी बाजूचे. गावात बसायला दुसरी जागा नसल्याने सभा माझ्याच खोलीत भरली. लोकांनी गाऱ्हाण्यांचा पाऊस पाडला. एसटी बंद झाली, दवाखान्याच्या उपकेंद्राला कुलूप असतं, नळाला चार दिवसांनी पाणी येतं. आबा ऐकत होते आणि त्यांचा मदतनीस अपूर्व वहीत लिहून घेत होता. तेवढ्यात खिचडीचं पातेलं तसंच सोडून सखुबाई दारात आली.

"आबा, हे समदं ऱ्हाऊ द्या. आदी लेकरांचं बघा. इथं मास्तरच न्हाई."

"काहून? कुठं गेले?"

"पोरीलाच इचारा की."

प्रतिक्षा एवढ्या माणसांत बोलेना. आबा म्हणाले, "लाज वाटून राहिली का? बरं, मग लिहून दाव." तिने खडू घेतला आणि माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: *आमचे सर जून महिन्यापासून शाळेत आले नाहीत. आम्हाला भागाकार येत नाही.*

माझ्या उभ्या आयुष्यात इतकं सरळ वाक्य माझ्यावर क्वचितच लिहिलं गेलं असेल. आबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "हे मी नागपूरच्या अधिवेशनात इचारतो. सरकारला जवाब द्यावाच लागंल."

अपूर्वने माझा फोटो काढला. पण त्याला ते वाक्य तसंच पाठवायचं नव्हतं. "आबा, सभागृहात अशी भाषा चालत नाही," म्हणत त्याने वहीत नवीन मजकूर लिहिला आणि ऐटीत वाचून दाखवला: "सदर शाळेतील शिक्षकाचे एक पद जूनपासून रिक्त असून विद्यार्थ्यांचे नुकसान होत आहे, हे खरे आहे काय?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवश्री मॅडमनी मात्र तोंड उघडलं. "तसं बघितलं तर..." एवढं त्या म्हणाल्या, आणि त्यांची नजर तालुक्याहून आलेल्या शिक्षण खात्याच्या एका साहेबांवर गेली. ते दाराशी हाताची घडी घालून उभे होते. मॅडम खाली बघायला लागल्या. पद रिक्त नव्हतं, मित्रांनो! पदावर विश्वजीत सरांचं नाव होतं. मॅडमना ते ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. आम्ही दोघंही बोललो नाही. मला तर तोंडच नाही, पण मॅडमनाही मी फार बोल लावत नाही. त्यांना त्याच शाळेत नोकरी करायची होती.

प्रतिक्षाचं ते वाक्य मुलांनी पुसलं नाही. आबांनी वाचलेलं म्हणून त्यांना त्याचा अभिमान होता. मॅडमही उरलेल्या जागेतच लिहायच्या. मग महिन्याभराने तेच साहेब आबांच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी माहिती घ्यायला आले. त्यांनी हजेरीपत्रक बघितलं, दोन शिक्षकांची दोन नावं मोजली आणि समाधानाने मान हलवली. मग माझ्याकडे बघितलं. "फळा स्वच्छ ठेवत जा हो मॅडम," म्हणाले आणि मला ओल्या फडक्याने पुसायला लावलं. स्वच्छ फळ्याचा त्यांनी फोटोही काढला. पुसलं जाणं हा माझा रोजचा धंदा आहे, त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

जानेवारीत आबा परत आले. या वेळी गर्दी नव्हती. ते मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि त्यांनी खिशातून छापील कागद काढून सरकारचं उत्तर वाचलं. "हे खरे नाही. सदर शाळेतील दोन्ही पदे भरलेली आहेत. सबब पुढील प्रश्न उद्भवत नाही."

प्रतिक्षाने विचारलं, "म्हंजी म्या खोटं लिव्हलं व्हतं का?"

आबांचा चेहरा पडला. "न्हाई माय. तू बराबर लिहिलं होतं. आमीच ते बदललं."

तेव्हा कुठे देवश्री मॅडमनी सरांच्या प्रतिनियुक्तीचं, म्हणजे नाव इथे आणि काम तालुक्याला असं सगळं सांगितलं. सांगताना त्यांना रडू आलं. अपूर्व आपल्या वहीकडे बघत बसला. आबा त्याला ओरडले नाहीत. म्हणाले, "सही माझी होती. वाचून सही करायला पायजे होती मीच." मग त्यांनी प्रतिक्षाला तेच वाक्य पुन्हा लिहायला लावलं आणि शब्दाला शब्द उतरवून घेतलं. माणूस खोटा नव्हता, एवढं मी छातीठोक सांगेन.

मार्चच्या अधिवेशनात तो प्रश्न लागला, पण त्या दिवशी सभागृहात गोंधळ झाला आणि कामकाज थांबलं. प्रश्न तसाच राहिला. एप्रिलमध्ये परीक्षा झाली. प्रतिक्षा पास झाली. भागाकाराची उदाहरणं तिने कोरी सोडली होती, हे मॅडमनी पेपर तपासताना सखुबाईला सांगितलं. जूनमध्ये ती कुरुंद्याला गेली.

लेखी उत्तर जुलैमध्ये आलं. आबा स्वतः घेऊन आले, या वेळी हसत. "सखुबाई, सरकारनं कबूल केलं! ऐका. हे खरे आहे. संबंधित शिक्षकास मूळ शाळेत परत पाठविण्याची कार्यवाही सुरू आहे."

"कवा येणार मंग?"

आबांनी कागद उलटून बघितला. मागे काही नव्हतं. "ते लिहिलेलं न्हाई," ते म्हणाले.

सखुबाईने हात पुसले. "आबा, तुमी लई तकलीफ घेतली, तुमाला बोल न्हाई. पर माझी पोरगी गेली की इथून. काल तिकडच्या गुरुजींनी तिला फळ्यापाशी बोलावलं, भागाकार कर म्हणले. खडू धरून उभीच राहिली. समदी पोरं हसली. आज म्हणती, मी शाळेत जात न्हाई. हाताला धरून धाडली म्या."

आबांनी कागदाची घडी खिशात घातली. मग ते उठून गेले. सर अजून आलेले नाहीत. कार्यवाही सुरू आहे.

मित्रांनो, आत्मकथेच्या शेवटी फळ्याने स्वतःसाठी थोडा रंग मागावा, अशी रीत आहे. माझे पोपडे निघालेत हे खरं, पण मला रंग नको. तुमच्यापैकी कुणी कुरुंद्याला पाचवीत असेल तर एवढंच करा. फळ्यापाशी जाऊन गप्प उभी राहणारी एक मुलगी तुमच्या वर्गात आहे. तिला हसू नका. ती मंद नाही, तिला ते कुणी शिकवलेलंच नाही. मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी बसा आणि वजा केल्यावर पुढचा अंक खाली घ्यायचा असतो, एवढं तिला सांगा. ती वर्षभर रोज माझ्यासमोर तिथेच चुकत होती. मला सगळा भागाकार पाठ होता आणि मला ते सांगता आलं नाही.