धुक्यात तळ मोजला ती सकाळ

या, जरा जवळ सरका, एक हकिकत सांगतो. आम्ही दोघेही सुखरूप घरी पोचलो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको.

सप्टेंबरातली सकाळ. मी आणि माझा मेहुणा मेउरिग डोवी नदीच्या खाडीत, वाळूच्या दांड्यावर बास मासे धरत उभे होतो. ओहोटीला दांडा आणि किनारा यांच्यामधली मागची घळ चालत ओलांडायची आणि भरती लागली की मुकाट परतायचं, असा नेम. पण बास येतो तोच भरतीच्या पाण्याबरोबर. दोन चांगले लागले. मेउरिग म्हणाला, "दाजी, अजून एकदा गळ टाकू," आणि मीही टाकला. तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं. काठीचं टोक दिसेना, आणि मागे घळीत पाणी वाजायला लागलं.

मेउरिगला पोहता येत नाही. मला येतं, पण छातीपर्यंतच्या रबरी विजारीत पाणी शिरलं की पोहणाराही बुडतो. घळीत एकाच ठिकाणी उथळ उतार होता. तो सापडला तर घर, नाहीतर नाही.

माझ्या दोरीला बुडता मिनो होता, बोटभर लांबीचा नकली मासा. तो एका आकड्याला वीतभर खाली जातो. बास ज्या खोलीवर असेल तेवढे आकडे मोजायचे आणि मग ओढायचा. तळाला टेकला की दोरी ढिली पडते. म्हटलं, देवा, आज मासा नको, तळ दाखव.

घळीत टाकला. मेउरिग मोजू लागला, "एकदोनतीनचार..." वीस झाले तेव्हा कुठे दोरी ढिली पडली.

"अरे, घोड्यावर बसलायस का? असं मोजलंस तर खाडीला तळच सापडायचा नाही."

"मग तुम्ही मोजा."

माझेही आकडे घाईनंच निघत होते. तेव्हा आता हयात नसलेले पेनरी पाद्रीबाबा आठवले. आमच्या चॅपलात त्यांचं प्रवचन बोलता बोलता सुरात चढायचं, आणि सूर कितीही चढला तरी दोन शब्दांमधला श्वास तेवढाच राहायचा. मी त्यांच्या चालीवर आकडे गायला लागलो.

"एका वाक्याला अख्खा रविवार घ्यायचे तुमचे पाद्रीबाबा," मेउरिग कुरकुरला. "मी झोपून उठलो तरी तिथंच असायचे."

"आता झोपू नकोस. माझा पट्टा धर."

दहा पावलं चालायचं, टाकायचा, गायचं. बारा. पुन्हा बारा. अकरा. मग एकदम पाच. लांब टाकला, तरी पाच. आणखी लांब, चार. हाच तो उतार.

उतरलो. पाणी कमरेवर आलं, बरगड्यांना लागलं. मागून आवाज आला, "दाजी, गाणं थांबवू नका." नाही थांबवलं. पाणी कमरेवर उतरलं, मग गुडघ्यांवर, आणि पायाखाली गोटे लागले.

मेउरिग शेवाळावरच फतकल मारून बसला. मासे पलीकडेच राहिले होते. "ताई काय म्हणेल?"

"आधी रडेल, मग दोघांनाही झोडपेल."

तो हसत सुटला, मीही. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाला, "पाद्रीबाबांना मुलंबाळं किती?"

"एकही नाही."

"मग त्यांची आठवण कोण काढतं?"

त्या सकाळी त्यांच्याच चालीनं आम्हाला तळ दाखवला. तेव्हा एवढं करा. आज प्रार्थनेला डोळे मिटाल, तेव्हा पेनरी पाद्रीबाबांचं नाव एकदा घ्या.