विंगेतलं गाणं

जुन्या कृष्णधवल सिनेमाचं नाटक करायचं ठरलं तेव्हा थोरलीला वाटलं, आता आपली पाळी. वाटायला कारणही होतं. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या गाणाऱ्या मुलीचा तो सिनेमा. त्यातलं एकूण एक गाणं तिला तोंडपाठ, आणि नाटक कंपनीत गाण्यांच्या तालमी घेणारीही तीच. सिनेमात नायिका एका ओळीला बागेत असते आणि दुसऱ्या ओळीला गच्चीवर. रंगमंचावर मात्र सेट फिरेपर्यंत कळ काढावी लागते. कुठे वादकांचा तुकडा लांबवायचा, कुठलं कडवं उडवायचं, हे सगळं थोरलीने बसवलं. दिग्दर्शकाने तोंड भरून कौतुक केलं. नायिकेचा विषय निघाला तशी त्याने मान खाजवली. गळा तुमचा अव्वलच आहे हो, म्हणाला, पण नायिका कशी, नुसतं बघत राहावं अशी पाहिजे.

आणि नेमकी त्याच दिवशी ताईची विसरलेली छत्री द्यायला धाकटी तालमीच्या हॉलमध्ये आली. झालं! दिग्दर्शक नुसता बघत राहिला.

आता आडपडदा कशाला, थोरली जळली. अगदी आतून जळली. पाहुणे आले की कौतुक धाकटीचं, फोटो काढायचा की पुढे धाकटी, हे तिने लहानपणापासून मुकाट गिळलं होतं. पण गाणं तिचं होतं. दार लावून, वर्षानुवर्षं घासून तिने तो गळा कमावला होता. धाकटी आपली येताजाता गुणगुणणारी. त्यातून ती बया गायचीही बरी, हे आणखी वाईट. आवाज लहान, पण खालच्या पट्टीत असा मऊ लागायचा की पेटीवाला भाता सोडून ऐकत बसायचा. तेव्हा थोरलीच्या पोटात जे दुखायचं त्यावर कुठल्याच दुकानात औषध नव्हतं.

गाण्यांची पट्टी ठरवणं थोरलीच्या हातात होतं. धाकटीला काळी तीन सोयीची, हे कुणीही सांगितलं असतं. थोरलीने लावली काळी पाच, चांगली चढी. मूळ सिनेमात हीच पट्टी आहे, लोकांच्या कानात हीच बसलीय, खाली उतरवलं तर गाण्यातला जीव जाईल, असं तिने दिग्दर्शकाला पटवलं. त्याला पट्टीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पेटीवाल्याला कळत होतं. त्याने चष्म्यावरून एकदा थोरलीकडे पाहिलं आणि भानगडीत पडायचं नाही म्हणून काळी पाच धरली.

सिनेमातली नायिका जिना चढत गाते आणि तिला दम लागत नाही, कारण गाणारी बाई वेगळीच असते आणि ती स्टुडिओत माइकपुढे निवांत उभी असते. धाकटीला मात्र खराखुरा जिना चढायचा होता. निम्म्या जिन्यावर श्वास फुलला आणि वरच्या सुराला आवाज चिरकला. पुन्हा घेतलं, पुन्हा चिरकला. धाकटी रडकुंडीला आली. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, होईल गं सवयीने. मनातून मात्र तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आता हिला काढतील आणि मला उभी करतील, असा तिचा सरळ हिशेब होता.

पण धाकटीला काढणार कोण? गावभर पोस्टरं लागली होती. त्यांवर तिचा हसरा चेहरा आणि खाली ठळक अक्षरांत, ‘सर्व गाणी रंगमंचावर प्रत्यक्ष’. दिग्दर्शकाने तोड काढली. तो थोरलीला बाजूला घेऊन म्हणाला, “तुम्ही विंगेतून गा. ती ओठ हलवेल. सिनेमात तरी दुसरं काय होतं?” नायिकेची सगळीच गाणी तिने गायची आणि याची वाच्यता कुठेही करायची नाही, अगदी घरीसुद्धा.

थोरलीने मनाला समजावलं. आई पहिल्या प्रयोगाला येणार होती. बाकीच्यांना कळो न कळो, आपला रियाज जन्मभर ऐकलेल्या आईला पहिल्याच ओळीला कळेल, हा गळा कुणाचा ते. आपल्याला सांगावंही लागणार नाही. एका आईला कळलं तरी तिला पुरे होतं. ती हो म्हणाली.

प्रयोगाला ती आगीच्या बादल्या आणि वायरींच्या भेंडोळ्यांमध्ये माइक धरून उभी राहिली. नजर धाकटीच्या पाठीवर. तिचे खांदे उचलले गेले की हिने श्वास घ्यायचा. जिन्याच्या गाण्याला थोरली अशी गायली की पेटीवाल्याने मान हलवून दाद दिली. टाळ्यांनी थिएटर दणाणलं. धाकटी वाकून नमस्कार करत होती. थोरलीला कुणीतरी म्हणालं की बाई, जरा सरका, तुमच्यामुळे जिना अडलाय.

मेकअपच्या खोलीत थोरली पोचली तोवर आई आधीच आली होती. डोळे पुसत तिने धाकटीला कवटाळलं होतं. “एवढा गळा कुठे लपवून ठेवला होतास गं?” ती विचारत होती. मग थोरलीकडे वळून म्हणाली की तू एवढी दार लावून घासत बसतेस, आणि हिला बघ, न घासता आलं.

धाकटीचा चेहरा उतरला. “आई, मी नाही गायले,” ती म्हणाली. “आवाज ताईचा होता. मी नुसते ओठ हलवत होते.”

आई हसायलाच लागली. काय हे मोठं मन, म्हणाली, एवढं यश मिळालं तरी ताईलाच पुढे करतेय. धाकटीने शपथ घेतली तसं आईचं हसू जरा कमी झालं. तिने थोरलीकडे पाहिलं. “तू सांग. कोण गायलं?”

थोरलीने तोंड उघडलं. खरं होतं तेच सांगायचं होतं. पण आईच्या नजरेत तिला आधीच दिसलं, की ‘मी’ म्हटलं तर आईला त्यात गाणं ऐकू येणार नाही, जळणं तेवढं ऐकू येईल. आणि त्यात आईचं काही चुकलंही नसतं.

“हीच गायली, आई,” ती म्हणाली.

आईचा जीव भांड्यात पडला. धाकटी ताईकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतली कीव थोरलीला सहन होईना. आईने धाकटीचा हात धरला, तिला मिळालेला फुलांचा गुच्छ थोरलीकडे धरायला दिला, आणि तिघी घरी निघाल्या.