टोपीवाला दुवा

मित्रांनो, मी एक जुना दुवा आहे. डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. बरीच वर्षे मी प्रयोगशाळेतल्या फ्रीजरच्या तळाशी, बर्फाला चिकटलेल्या एका बाटलीत भावंडांसोबत राहिलो. दोन वेगळे रेणू एकमेकांना जोडायचे, हे माझे काम. अंगाने मी धाग्यासारखा लवचिक, पाण्याशी माझे चांगले जमते. माझे एक टोक उघडे असते आणि दुसऱ्यावर टोपी असते.

ही टोपी शोभेची नाही. दोन्ही टोके मोकळी राहिली, तर जोडणीच्या वेळी आम्ही परक्याला सोडून एकमेकांनाच धरून बसतो. कारखान्यात मला घडवणाऱ्या बाईंनी टोपी नीट बसली आहे ना, ते तपासले आणि म्हणाल्या, "छान झालाय." त्यानंतर कौतुक असे झालेच नाही. पुढे फ्रीजरमध्ये नव्या बाटल्या येत गेल्या आणि मी मागे सरकत गेलो. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही.

मग ताईंना माझी गरज पडली. ताई प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या अभ्यासत होत्या त्या पेशींत एक बिघडलेले प्रथिन साचत होते. नको असलेली प्रथिने मोडीत काढणारी यंत्रणा पेशीत असते, पण ती याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती. म्हणून एका टोकाला प्रथिन धरणारा तुकडा, दुसऱ्या टोकाला यंत्रणेला धरणारा तुकडा आणि मधे मी, असे औषध ताईंना हवे होते. महिनाअखेरपर्यंत ते जमले नाही, तर त्यांचे काम बंद होणार होते. आमची बाटली तेवढी एकच होती आणि नवी मागवायला वेळ नव्हता.

ताईंनी निम्मा माल जोडणीसाठी सहकाऱ्याला दिला. त्याला सगळे घाईबुवा म्हणत. टोपीखालच्या टोकाला जोडायचा तुकडा आधी तयार झाला होता. दुसऱ्या तुकड्याची वाट कोण पाहणार? त्याने आम्ल घालून टोप्या उडवल्या आणि जोडणी सुरू केली. माझी भावंडे एकमेकांच्याच गळ्यात पडली. संध्याकाळी फ्लास्कच्या तळाशी नुसता चिकट गोळा होता.

"माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे," तो म्हणाला. "ताई, उरलेलं तुम्हीच करा. मी हात नाही लावणार."

ताईंनी बाटली त्याच्यापुढे सरकवली. "यात काय चुकतं, ते आता तुझ्याइतकं कोणाला कळलंय? तूच कर."

या वेळी त्याने दुसरा तुकडा तयार होऊ दिला, तो माझ्या उघड्या टोकाला जोडला आणि जोडणी तपासली. टोपी त्यानंतर काढली. ती वायू होऊन उडून गेली, तेव्हा मला जरा चुकल्यासारखे झाले. मग राहिलेला तुकडा जोडला आणि औषध तयार झाले.

आता मी पेशीत असतो. बिघडलेले प्रथिन यंत्रणेपाशी नेतो, ते मोडले की सुटतो आणि पुढचे धरतो. महिना संपायच्या आत ताईंनी तपासणीची पट्टी पाहिली; पेशीत प्रथिन जितके जास्त, तितकी तिच्यावरची रेघ गडद. प्रथिनाची काळी रेघ जवळजवळ पुसली गेली होती. त्यांनी आधी घाईबुवाला हाक मारली. तो धावत आला, पट्टी पाहिली आणि खुर्चीत बसून रडला.

मित्रांनो, आमच्या टोप्या वेळेआधी काढू नका. आणि कोणाच्या हातून काही बिघडले, तर उरलेले त्याच्याकडून काढून घेऊ नका. माझी निम्मी भावंडे त्याच्याच हातून वाया गेली, तरी मी हेच म्हणेन.