तेजस्वीच्या मापाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. खुर्चीनं एका जागी गप्प बसावं हे मला माहीत आहे, पण ते मला कधी जमलं नाही. सांगण्यासारखं काही असलं की माझे सांधेसुद्धा कुरकुरायला लागतात, आणि आज तर माझ्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

मला चाकं नाहीत, गादी नाही, आणि साहेबाच्या टेबलामागं मिरवायचा मान तर मुळीच नाही. तरी माझ्यासारखी खुर्ची तुम्ही सहसा पाहिली नसेल. माझी पाठ ताठ आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे कान आहेत. बैठकीच्या पुढच्या टोकाला, दोन मांड्यांच्या मध्ये येईल अशी एक गुळगुळीत खुंटी आहे. कमरेला आणि छातीला पट्टे, पायाखाली फळी, आणि समोर पोटाला लागून राहावा म्हणून गोलाकार कापलेला एक पाट. काही मुलांचं अंग त्यांचं ऐकत नाही, कधी काठीसारखं ताठ होतं, कधी सैल पडतं. त्या मुलांना नीट बसता यावं म्हणून माझा जन्म झाला आहे.

मला घडवलं कल्लाप्पांनी. ते बेळगावात शहापूरला राहतात. उभी हयात त्यांनी विणकरांचे माग दुरुस्त करण्यात घालवली. त्यांची मुलगी समता निपाणीला हायस्कुलात शिक्षिका आहे. समताचा मुलगा दीपंकर तीन वर्षांचा झाला तरी बसेना, तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी तिला मोबाईलवर अशा खुर्चीचं चित्र दाखवलं. तिनं ते आपल्या वडिलांना दाखवलं. कल्लाप्पांनी चित्र बोटांनी मोठं करकरून पाहिलं आणि मोडीत निघालेल्या एका मागाचं सागवान घरी घेऊन आले. त्या सागवानातून मी झाले. म्हणजे माझं घराणं रेशमी साड्यांचं आहे, तेव्हा बोलण्यात थोडा तोरा आला तर सांभाळून घ्या.

दीपंकरनं माझ्यात बसून पहिल्यांदा आपल्या हातानं शिरा खाल्ला. थोडा तोंडात गेला, थोडा पाटावर सांडला, आणि उरलेला नाकाला लागला. समता ते बघत उभी होती, तिला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. त्या दिवसांत माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! येणारा जाणारा माझे फोटो काढायचा. पण मुलं वाढतात आणि लाकूड वाढत नाही. दीपंकरला चाकाची खुर्ची आली आणि मी निपाणीच्या घराच्या व्हरांड्यात गेले. आधी माझ्यावर रद्दी ठेवली, मग कांद्याची टोपली आली, मग एका मांजरीनं माझ्यात पिलं घातली. बसायला कुणीतरी आलं म्हणून मी तेवढ्यावरही खूश होते. तरी खरं सांगते, तो काळ वाईट होता. कामाच्या वस्तूला अडगळ म्हणतात ना, तेव्हा फार लागतं.

पुढं काय झालं ते ऐका. बेळगावात दर महिन्याला एका शनिवारी अशा मुलांच्या आईबापांची बैठक भरते. दिव्यांग ओळखपत्र कुठं काढायचं, मासिक मदत कशी मिळते, व्यायामाच्या ताई कोणत्या वारी असतात, हे तिथं एकमेकांना सांगतात. सांगून झालं की चहा घेतात आणि मनातलं बोलतात. त्या बैठकीत कंग्राळीची रेणुका नवीन आली होती. तिची मुलगी तेजस्वी सहाव्या वर्षात होती. डोळे तेजदार, हसणं खळखळून, पण बसवली की कलंडायची. गावच्या मराठी शाळेत पहिलीला तिचं नाव घातलं होतं आणि बाईंनी मुलीला घेऊन या म्हणून आवर्जून सांगितलं होतं. अडलं होतं तिच्या वडिलांपाशी. नागेंद्र शहरात एका कारखान्यात कामाला. लेकीवर जीव टाकायचा. त्याचं म्हणणं रेणुकानं बैठकीत जसंच्या तसं सांगितलं, "चटईवर आडवी ठिवायला पोरगी शाळंत पाठवणार न्हाय मी. समदी तिला वरनं बघत जाणार. बसली तर जाईल, न्हाय तर ऱ्हाईल घरात."

समताही त्या बैठकीत होती. त्याच संध्याकाळी घरी येऊन तिनं माझ्यावरची टोपली खाली उतरवली. मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि माझा फोटो रेणुकाला पाठवला. मित्रांनो, माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. एका मुलीची शाळा माझ्यावर ठरणार होती!

पण मला तेजस्वीच्या अंगाप्रमाणं करून घ्यायला हवं होतं. समतानं रेणुकाला फोनवर समजावलं. मुलीला जमिनीवर सरळ निजव, टाचेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून खांद्यापर्यंत फीत लाव, आणि आकडे कळव. रेणुका फीत घेऊन बसली मात्र, तिची सासू गुणाबाई आडवी आली.

"निजलेल्या माणसाचं माप एकदाच घेत्यात," ती म्हणाली. "माझ्या नातीचं न्हाय घ्यायचं."

तिरडी बांधताना घेतात ते माप तिच्या मनात होतं. गुणाबाई काही खाष्ट सासू नव्हती. तेजस्वीला ती रोज पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, आणि या लेकराला कशाचीही बाधा होऊ नये म्हणून जन्मापासून तिचा जीव टांगणीला लागलेला. रेणुकाचं तिच्यापुढं काही चाललं नाही. मग गुणाबाईनंच तोडगा काढला. धाकट्या मुलाचा सौरव तेजस्वीच्याच वयाचा, दोघं एकाच आठवड्यात जन्मलेली. त्याला भिंतीला उभा करून त्याचं माप घेतलं. एका वयाची लेकरं, त्यात काय फरक असणार, असं ती म्हणाली. रेणुकाच्या मनाला ते पटलं नाही, पण शाळा जवळ आली होती, आणि तिनं ते आकडे पाठवून दिले.

समतानं मला शहापूरला पोचवलं. कल्लाप्पांनी आकडे पाहिले आणि माझी बैठक मागं वाढवली, पाठ उंच केली, पायाची फळी खाली नेली. मी रुबाबदार दिसायला लागले. शाळा सोमवारी उघडणार होती. रविवारी सकाळी समता आणि कल्लाप्पा मला घेऊन कंग्राळीला पोचले.

काय तो थाट! दारात पाण्याचा तांब्या, मला हळदकुंकू, पुढं नारळ. आजूबाजूच्या बायका पोरं जमली. तेजस्वीला नवा फ्रॉक घातला होता. नागेंद्रनं तिला उचलून माझ्यात ठेवलं, समतानं पट्टा बांधला, आणि सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात असताना तेजस्वी हळूहळू खाली घसरली. खुंटीला आपटली. तिचे पाय फळीपर्यंत पोचेनात, छातीचा पट्टा हनुवटीखाली आला आणि ती घाबरून किंचाळली. रेणुकानं तिला झटकन बाहेर काढलं. सौरव धावणारा, भरलेल्या अंगाचा पोरगा. तेजस्वी त्याच्यापुढं किती लहान भरली हे मला त्या क्षणी कळलं, पण मी कुणाला सांगणार?

जमलेल्या बायका एकेक करून निघाल्या. नागेंद्र कुणावर रागावला नाही, त्याचं ते न रागावणंच मला सहन होईना. उद्याचं राहू दे, एवढंच तो म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

कल्लाप्पा माझ्यापुढं गुडघे टेकून बसले होते. त्यांनी परत परत माझी बैठक चाचपून पाहिली.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "वय झालं आता. फितीवरचा आकडा बघताना डोळा फसला आसंल."

हे ऐकलं आणि गुणाबाई दारातून पुढं आली. आपल्यापायी एक म्हातारा माणूस परक्या दारात मान खाली घालून बसलाय, हे तिला बघवलं नाही.

"तुमचं न्हाय चुकलं, अण्णा," ती म्हणाली. "ते माप तिचं न्हवंच. सौरवचं हाय. मीच घ्यायला लावलं."

तिनं सगळं सांगितलं. कुणी तिला बोललं नाही. समता तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली की दीपंकरच्या वेळी आमच्या घरातही असंच झालं होतं, आमची आईही अशीच भ्यायली होती. मग तिनं विचारलं की आता माप घेऊ का. गुणाबाईनं तेजस्वीकडं पाहिलं. होय म्हणायला तिची जीभ रेटेना, आणि नाही म्हणावं तर उद्याची शाळा गेली.

शेवटी ती उठली, कोपऱ्यातलं घोंगडं आणून पुढच्या सोप्यात अंथरलं, पदर खोचला, आणि सगळ्यांच्या देखत त्यावर सरळ आडवी झाली.

"आधी माझं घ्या," ती म्हणाली. "काय वाईट व्हायचं आसंल तर पयलं माझ्यावरनं जाऊ दे."

तिचे मालक मारुतीराव चहा पीत बसले होते, ते उठून उभे राहिले. येडी झालीस काय, लोक काय म्हणतील, असं बरंच पुटपुटले. तुम्ही गप बसा, असं तिनं निजल्या निजल्या त्यांना सांगितलं. कल्लाप्पाही त्याच काळातले, निजलेल्या माणसाला फीत लावणं त्यांनाही जड जात होतं. पण त्यांनी थट्टा केली नाही की घाई केली नाही. टाच ते गुडघा, गुडघा ते कंबर, कंबर ते खांदा, सगळं माप त्यांनी नीट घेतलं आणि मोठ्यानं सांगितलं, जणू गुणाबाईलाही खुर्ची करायची होती. ती डोळे मिटून, हात जोडून पडून होती. फीत गुंडाळल्याचा आवाज आला तसा तिनं एक डोळा उघडला.

"झालं? हाय न्हवं मी अजून?"

आधी तेजस्वी हसली. आजी जमिनीवर पडून डोळा उघडतेय हे तिला फारच आवडलं. मग समता हसली, रेणुका हसली, आणि पाठ फिरवून उभा असलेला नागेंद्रही वळला. गुणाबाई मात्र उठली नाही. हिला माझ्याशेजारी निजवा, असं तिनं सांगितलं, आणि नातीचा हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवला. माप झालं तोवर सोडला नाही.

मग जी धांदल उडाली! अंगणात करवत चालली, रंधा चालला. वाढवलेली बैठक कापली, फळी वर आली, पट्टे खाली आले. भुसा माझ्या नाकातोंडात जात होता आणि मला गुदगुल्या होत होत्या. गेलेल्या बायका आवाज ऐकून परत आल्या. दुपारी तेजस्वीला माझ्यात बसवलं. ती घसरली नाही. पाय फळीवर टेकले, पाठ माझ्या पाठीला लागली, आणि हात सुटे झाले. तिनं हात उचलून पाटावर असा काही हाणला की तिथं ठेवलेला मारुतीरावांचा चहाचा कप अंगणात जाऊन पडला. मारुतीरावांनी कप उचलला, पुसला, आणि पुन्हा पाटावर ठेवला. तिनं पुन्हा उडवला. तेव्हापासून मला कपांचा हिशेब राहिला नाही.

सोमवारी नागेंद्रनं मला खांद्यावर घेतलं आणि रेणुकानं तेजस्वीला. वाटेत लोक विचारत होते आणि तो थांबून थांबून सांगत होता. वर्गात बाकांच्या रांगेत मला ठेवलं. बाई हजेरी घेऊ लागल्या. तेजस्वीचं नाव आलं तेव्हा तिची मान डोलली, ओठ हलले, पण शब्द निघेना. सगळा वर्ग वळून बघत होता, वरून नाही, समोरून. बाई वाट बघत थांबल्या, त्यांनी पुढचं नाव घेतलं नाही. माझा श्वास, खुर्चीला असतो तेवढा, अडकला होता. मग तो शब्द आला, लांबलचक आणि वाकडातिकडा, "हऽऽजर", आणि त्याच्यावर पाटावर एक दणका. खिडकीबाहेर नागेंद्र उभा होता. त्याची कारखान्याची बस कधीच निघून गेली होती. तो दोन्ही हातांनी डोळे पुसत होता आणि शेजारच्या अनोळखी बापाला सांगत होता, "माझी हाय ती. खुर्चीतली. लई दंगा करती."

आता तेजस्वी दुसरीत गेली आहे आणि मी तिला लहान होते. कल्लाप्पांनी तिच्यासाठी मोठी खुर्ची केली. बैठकीत कळलं की खानापूरकडं गुंजीला एक मुलगा आहे, त्याला माझ्यासारखीच हवी, आणि त्याच्याही घरी आजी फीत लावू देत नाही. समता मला पाठवून देणार होती. पण गुणाबाईनं नवं लुगडं काढून ठेवलंय. "खुर्ची एकटी नगं पाठवू," तिनं समताला सांगितलं. "मी बी येतो. त्या आजीच्या फुडं मी निजतो."

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी माळ्यावर, व्हरांड्यात पडून असेल तर तिला खाली उतरवा. पट्टे धुवा, स्क्रू आवळा, आणि ती कुणाला हवी आहे ते शोधा. आणि ती द्यायला जाल तेव्हा दारात ठेवून परत फिरू नका. त्या घरात कुणीतरी भ्यालेलं असेल. त्याच्याशेजारी थोडा वेळ बसा.