लेआउटचा दोष

मायक्रोस्कोपच्या भिंगाला डोळे लावून ताईने चिमटा स्थिर धरला आणि बोर्डावरचा एक रेझिस्टर उचलला. तिळाएवढा तुकडा. त्याच्या जागी तिने दुसरा, बराच कमी ओहमचा बसवला, दोन्ही टोकांना सोल्डरचा डाग दिला आणि वर हलकी फुंकर घातली. जेवणाची सुट्टी होती. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं, आणि तिला ते बरंच वाटत होतं.

मग तिने सूर काढणारा ऑसिलेटर चालू केला.

ॲनलायझरच्या पडद्यावर मधोमध एक शिखर उभं राहिलं. मायक्रोवेव्ह लहरींवर चालणाऱ्या नव्या रेडिओचा सगळा भार या एका सुरावर होता. तो हवा तिथे सरकवता यायला हवा होता, आणि जिथे ठेवला तिथे मात्र जराही न डगमगता उभा राहायला हवा होता. इतके दिवस नेमकं तेच होत नव्हतं. शिखराच्या दोन्ही अंगांना खरखरीचा घेर पसरायचा, आणि शेजारच्या चॅनेलवरचं बोलणं त्यात बुडून जायचं.

आता तो घेर मिटला होता. शिखर सुईसारखं उभं होतं.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो रेझिस्टर तिनेच निवडलेला होता. सूर सरकवणारं व्होल्टेज त्याच्यातून जायचं, आणि रेझिस्टर जितका मोठा, तितकी त्याची स्वतःची कुजबुज मोठी. आधीच्या रेडिओतल्या ऑसिलेटरचा सूर थोडासाच सरकायचा, तिथे ही कुजबुज कुणाला जाणवली नाही. नव्याचा पट्टा रुंद, त्याला एवढ्याशानेही हेलकावे बसत होते. तिने जुनाच आकडा डोळे झाकून उचलला होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ती यावर ओरडली असती.

आणि आढावा बैठकीत, सगळ्यांसमोर, ती म्हणाली होती, "सर्किटमध्ये काही नाही. लेआउट बघा."

लेआउट भावजयीचं होतं. धाकट्या भावाची बायको याच विभागात होती. बोर्डावरची कुठली रेघ कुठून न्यायची, ग्राउंडचा पत्रा कुठे जोडायचा, ते सगळं ती ठरवायची. ती घरी 'ताई' म्हणते म्हणून ऑफिसातही हळूहळू सगळे हिला ताईच म्हणू लागले होते. बैठकीत भावजय एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने अख्खा बोर्ड नव्याने आखायला घेतला. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तिकडेही तिने नवऱ्यालाच पाठवलं.

तो नवा बोर्ड आज सकाळी आला होता, आणि ताईने एकटीने लावून पाहिला तर त्याच्यावरही घेर तसाच होता. तेव्हा कुठे ताईला स्वतःच्या आकड्याकडे बघायचं सुचलं.

दार ढकलून भावजय आत आली. पडद्यावर नजर पडताच ती जागच्या जागी थांबली.

"ताई! गेला? गेला की हो!"

तिच्या आवाजाने विभागप्रमुखही मागोमाग आले. चष्मा कपाळावर चढवून पडद्याशी वाकले आणि खूश होऊन म्हणाले, "म्हणजे लेआउटच होतं तर. तुमचं निदान अचूक निघालं, ताई."

सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. चिमटा अजून तिच्या हातात होता. तिने तो टेबलावर ठेवला, नीट सरळ केला.

"हं," ती म्हणाली.

रविवारी सगळे आईकडे जेवायला जमले. आईच्या कानावर भावाने सगळं आधीच घातलेलं होतं.

"आता तर बाजारात झग्याचा घेर विचारला तरी हिला घाम फुटतो," भाऊ बायकोकडे बघून हसत म्हणाला.

"तू नको बोलूस मध्ये," आई म्हणाली, आणि सुनेकडे वळली. "काय गं, नणंदेला मान खाली घालायला लावलीस म्हणे?"

ताईचा घास हातातच राहिला. भावजयीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"हो आई, माझंच चुकलं होतं. ताई होत्या म्हणून निभावलं." एवढं बोलून तिने सरळ ताईकडे पाहिलं. नजर शांत होती, आणि जरा जास्तच वेळ तिथे थांबली.

 ताईने घास कसाबसा घशाखाली ढकलला. "अगं, होतं असं," असं काहीतरी ती पुटपुटली, आणि ते शब्द ऐकून तिला स्वतःचीच शिसारी आली. हे तर चक्क माफ केल्यासारखं झालं होतं.

सोमवारी विभागप्रमुखांनी तिला व्हरांड्यात गाठलं.

"पुढच्या रिसीव्हरचं लेआउट बाहेर द्यायचं म्हणतोय. तिला काहीतरी सोपं देऊ. घरचं माणूस आहे, तुम्हीच जरा सांभाळून सांगा."

ताईने मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ होकार होता की नुसता ऐकल्याचा, तिलाही कळलं नाही. ती प्रयोगशाळेत आली आणि कपाटाशी जाऊन उभी राहिली. मग दार उघडून तिने रद्द ठरलेला जुना बोर्ड काढला.  पहिला डाग फिसकटला, तो काढून तिने पुन्हा दिला. जुन्या बोर्डावर तिने फक्त तेवढा एक रेझिस्टर बदलला. केबल जोडली. पडद्यावर सुईसारखं शिखर उभं राहिलं, नव्या बोर्डावर होतं तसंच.

तिने भावजयीला हाक मारली.

भावजय आली, पडद्याकडे बघून मग बोर्डाकडे वाकली.

"हा जुना आहे," ती म्हणाली.

"हो. तुझ्या लेआउटमध्ये काही नव्हतं. पहिल्यापासून नव्हतं. माझा रेझिस्टर चुकला होता." ताईने चिमट्याच्या टोकाने ती जागा दाखवली. "मला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतच कळलं. तू आत येण्याआधी."

 भावजयीने केबलचा सैल नट बोटांनी घट्ट केला.

"मला माहीत आहे," ती शेवटी म्हणाली. "त्याच संध्याकाळी बोर्ड डबीत ठेवताना दिसलं. त्या एकाच जागेचा डाग हाताने दिलेला होता, ताई."

"संध्याकाळी? मग रविवारी... आईसमोर..."

"म्हटलं, मी असं बोलले की तुम्ही बोलाल."

ताईने तिच्याकडे पाहायचा प्रयत्न केला, पण नजर टेबलाच्या वर जाईना. रविवारची ती नजर तिला आत्ता समजली. समोरच्या माणसाने दार उघडून धरलं होतं, आणि आपण ताटात मान घालून बसलो होतो.

"तू का नाही सांगितलंस सरांना?"

"मी सांगितलं असतं, तर मी तुमच्यावर ढकलतेय असं झालं असतं." भावजय सरळ उभी राहिली. आवाजात राग नव्हता, पण ओलावाही नव्हता. "आणि आई म्हणाल्या असत्या, घरचं भांडण ऑफिसात नेलं."

पलीकडच्या टेबलांवर तिघेचौघे आपापल्या कामात होते. विभागप्रमुखांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. बाहेरचा लेआउटवाला येऊन बसला होता, त्यांचं बोलणं चाललं होतं.

"ते पाहुणे गेले की सांगते," ताई म्हणाली.

भावजयीने फक्त तिच्याकडे पाहिलं.

ताईने पदर सावरला. तिने जागेवरूनच हाक मारली, आणि ती हाक तिला हवी होती त्यापेक्षा बरीच मोठी निघाली.

"सर, जरा इकडे या. चूक माझी होती, ती दाखवायची आहे."

टेबलांवरच्या माना वर झाल्या. खोलीतलं बोलणं थांबलं, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. भावजयीने पडद्यासमोरचं स्टूल ओढून विभागप्रमुखांसाठी मोकळं केलं, आणि स्वतः एक पाऊल बाजूला होऊन उभी राहिली.